हजारो फोटोंतून नेमका एक: शोध आणि फिल्टर कसे काम करतात

घरातल्या दोन-तीन फोनमधले, एखाद्या जुन्या कॅमेऱ्यातले आणि कागदी अल्बममधून स्कॅन करून घेतलेले फोटो एका हार्ड डिस्कवर एकत्र केले, की संग्रह सहज काही हजारांच्या पुढे जातो. मग एखादा फोटो आपल्याकडे आहे हे पक्के ठाऊक असूनही तो हाती लागत नाही. या अडचणीवर उपाय म्हणून फोटो-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर वापरले जाते. पण ते संगणकावर बसवले की सगळे आपोआप सापडू लागेल, ही अपेक्षा बहुधा फसते. याचे कारण असे की आपण फोटो शोधतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर चित्र असते, आणि सॉफ्टवेअर मात्र बहुतेक वेळा त्या चित्राविषयी लिहून ठेवलेल्या नोंदी वाचत असते. तारीख, ठिकाण, माणसांची नावे, टॅग (म्हणजे फोटोला लावलेले खुणेचे शब्द), तारे (म्हणजे आपण फोटोला दिलेली पसंती), कॅमेऱ्याचे नाव अशा या नोंदी असतात. जे नोंदलेले आहे तेवढेच शोधात सापडते, आणि नोंद चुकीची असेल तर शोधही चुकतो. ही एक गोष्ट मनात पक्की बसली, की पुढचे सगळे समजणे सोपे जाते.

उदाहरणासाठी मी ‘डिजिकॅम’ हे सॉफ्टवेअर घेतो आहे. ते मुक्त आणि विनामूल्य आहे, २००१ पासून विकसित होत आले आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालते, आणि शोधाच्या जवळजवळ सगळ्या तऱ्हा त्यात एका ठिकाणी पाहायला मिळतात. अडोबीचे लाइटरूम किंवा दुसरे एखादे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना बटणांची नावे आणि जागा वेगळ्या दिसतील. तत्त्व तेच राहते.

नोंदी कुठून येतात

कॅमेरा किंवा फोन फोटो टिपतो तेव्हा त्याच फाइलच्या आत काही माहिती स्वतःहून लिहून ठेवतो. या माहितीची ठरलेली मांडणी ‘एक्झिफ’ या नावाने ओळखली जाते. तिची पहिली आवृत्ती जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९९५ मध्ये तयार केली. फोटो टिपल्याची तारीख व वेळ, कॅमेऱ्याचे मॉडेल, भिंगाचे केंद्रांतर, शटरचा वेग, आयएसओ (म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता), आणि जीपीएस चालू असेल तर अक्षांश-रेखांश इतके त्यात असते. माणसाने नंतर लिहायच्या नोंदींसाठी, म्हणजे कॅप्शन, टॅग, छायाचित्रकाराचे नाव यांसाठी, वृत्तसंस्थांच्या जगातून आलेली ‘आयपीटीसी’ ही मांडणी आहे आणि अडोबीने २००१ मध्ये आणलेली ‘एक्सएमपी’ ही त्याहून लवचीक मांडणी आहे. डिजिकॅम संग्रहातले फोल्डर एकदा वाचून या सगळ्या नोंदी आपल्या डेटाबेसमध्ये उतरवून घेतो. म्हणूनच तीस-चाळीस हजार फोटोंतला शोध काही क्षणांत पुरा होतो. प्रत्येक वेळी प्रत्येक फाइल उघडून पाहावी लागत नाही.

कॅमेऱ्याने लिहिलेल्या नोंदींपैकी तारीख सर्वात मोलाची, आणि तीच सर्वात जास्त वेळा बिघडलेली असते. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे लावलेले असेल तर त्या काळातले सगळे फोटो चुकीच्या दिवशी जाऊन बसतात. परदेशी जाताना कॅमेऱ्याची वेळ बदलली नाही तरीही हेच होते. उन्हाळ्यात न्यू जर्सीची वेळ भारताच्या साडेनऊ तास मागे असते. भारतीय वेळेवर राहिलेल्या कॅमेऱ्याने तिथे १० तारखेला संध्याकाळी सहाला टिपलेला फोटो ११ तारखेच्या पहाटे साडेतीनचा ठरतो. एक्झिफमध्ये स्थानिक वेळ आणि जागतिक वेळ यांतला फरक लिहिण्याची सोय २०१६ च्या आवृत्तीत आली, त्यामुळे त्याआधीच्या कॅमेऱ्यांच्या फोटोंत हा खुलासा सापडतच नाही. अशा वेळी एकेका फोटोची तारीख हाताने बदलण्याची गरज नसते. एका कॅमेऱ्याचे त्या प्रवासातले सगळे फोटो निवडून डिजिकॅमच्या वेळ-दुरुस्तीच्या साधनाने ते एकत्र साडेनऊ तास मागे सरकवता येतात.

स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंवर स्कॅन केल्याचा दिवस चिकटलेला असतो. आजोबांच्या लग्नाचा फोटो कालपट्टीत गेल्या वर्षाच्या खान्यात दिसतो तो यामुळेच. नेमका दिवस आठवत नसला तरी निदान वर्ष तरी हाताने घालून ठेवावे.

व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोंची गोष्ट याहून अवघड आहे. तिथे फोटो साध्या रीतीने पाठवला, की त्याचा आकार कमी होतो आणि आतल्या एक्झिफ नोंदी, तारीख व ठिकाण धरून, गळून जातात. अँड्रॉइड फोनमध्ये अशा फाइलच्या नावात ‘आयएमजी’ या अक्षरांपुढे एक तारीख आणि नंतर ‘डब्ल्यूए’ ही अक्षरे दिसतात. पण ती तारीख फोटो त्या फोनवर पोहोचल्याची असते, टिपल्याची नसते. कुणी दहा वर्षांपूर्वीच्या सहलीचा फोटो आज गटात टाकला, तर तो आजचा म्हणून नोंदला जातो. नातेवाइकांकडून लग्नाचे किंवा मुंजीचे फोटो मागवताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. तसे पाठवले की फाइल मूळ रूपात येते आणि आतल्या नोंदी शाबूत राहतात.

शोध वेगळा, फिल्टर वेगळा

सॉफ्टवेअरच्या पडद्यावर शोध आणि फिल्टर या दोन गोष्टी शेजारी-शेजारी असल्यामुळे त्या एकच आहेत असे वाटते, आणि नव्या माणसाचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. शोध संपूर्ण संग्रहाला प्रश्न विचारतो आणि अटींत बसणारे फोटो, ते कोणत्याही फोल्डरमध्ये असोत, एका ठिकाणी आणून दाखवतो. फिल्टर ही चाळणी आहे: आता पडद्यावर जे आहे तेवढ्यालाच ती लावली जाते, आणि नको असलेले फोटो फक्त दृष्टीआड होतात. डिजिकॅममध्ये शोध डाव्या पट्टीत आहे आणि फिल्टर उजव्या पट्टीत आहे. एखादा अल्बम (डिजिकॅममध्ये फोल्डरला हेच नाव आहे) उघडून त्यात फिल्टर लावला, तर दुसऱ्या अल्बममधला फोटो कितीही नेमका असला तरी दिसणार नाही. उलट, काम झाल्यावर फिल्टर काढायचा राहिला, तर दुसरा अल्बम उघडल्यावर निम्मे फोटो नाहीसे झालेले दिसतात आणि ते पुसले गेले की काय अशी धास्ती वाटते. फोटो दिसत नसतील तर पहिल्यांदा खिडकीच्या तळाची पट्टी पाहावी. फिल्टर चालू आहे की नाही हे तिथे कळते आणि तिथूनच तो काढताही येतो.

ही दोन साधने एकामागून एक वापरायची असतात. समजा, वाईला कृष्णेच्या घाटावर टिपलेला आजीचा एखादा चांगला फोटो भिंतीवर लावण्यासाठी हवा आहे. प्रगत शोधात ‘वाई’ हा टॅग आणि ‘आजी’ ही व्यक्ती अशा दोन अटी घातल्या की, अनेक वर्षांच्या अनेक फोल्डरांत विखुरलेले फोटो एकत्र येतील. आता या निकालावर फिल्टर लावावेत: व्हिडिओ वगळावेत, तीन किंवा अधिक तारे असलेलेच ठेवावेत, आणि तरीही गर्दी वाटली तर नाकारलेले म्हणून खूण केलेले फोटो काढून टाकावेत. शोधाच्या अटी सुरुवातीला थोड्या सैल ठेवणे आणि मग फिल्टरने कसत नेणे, हीच रीत मला सर्वात उपयोगी वाटते. पहिल्याच झटक्यात पाच अटी घातल्या आणि निकाल शून्य आला, तर पाचांपैकी कोणत्या अटीने दगा दिला हे कळायला मार्ग राहत नाही.

अटी जोडताना ‘आणि’ व ‘किंवा’ यांचा अर्थ नीट लक्षात घ्यावा लागतो. ‘आईचे आणि बाबांचे फोटो दाखव’ असे आपण घरात म्हणतो, तेव्हा आईचे सगळे आणि बाबांचे सगळे असे फोटो आपल्याला हवे असतात. सॉफ्टवेअरमध्ये ‘आणि’ निवडल्यावर मात्र आई व बाबा दोघेही ज्यात आहेत असे फोटोच मिळतात. दोघांपैकी कुणीही एक असलेले फोटो हवे असतील तर ‘किंवा’ निवडावे लागते. अट वाढवल्यावर ‘आणि’मुळे निकाल कमी होत जातो, ‘किंवा’मुळे वाढत जातो. ही दोन्ही एकत्र लागतात तेव्हा अटींचे गट करावेत. ‘आई किंवा बाबा’ हा एक गट, ‘कोकण’ हा दुसरा, आणि दोन गटांमध्ये ‘आणि’, अशी मांडणी डिजिकॅमच्या प्रगत शोधात करता येते.

ताऱ्यांच्या बाबतीतही असाच एक बारकावा आहे. तारे न दिलेला फोटो आणि विचारपूर्वक शून्य तारे दिलेला फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘दोन किंवा त्याहून कमी तारे’ असा फिल्टर लावून वाईट फोटो पुसायला घेतले, तर अजून पाहिलेलेच नाहीत असे फोटोही त्या जाळ्यात सापडू शकतात. त्यासाठी तारे न दिलेले फोटो वगळण्याचा पर्याय दिलेला असतो, आणि पुसण्यापूर्वी तो चालू आहे ना हे पाहून घ्यावे.

टॅग आणि मराठी

फोटो एका वेळी एकाच फोल्डरमध्ये असू शकतो, पण त्याला टॅग कितीही लावता येतात, हा टॅगचा मोठा फायदा आहे. फोल्डर वर्ष आणि महिना यांनुसार ठेवावेत आणि विषय, ठिकाण, माणसे ही सगळी टॅगवर सोपवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या सणांसाठी तर याला पर्याय नाही. गणेश चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला, २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली. घरच्या गणपतीचे इतक्या वर्षांचे फोटो तारखेच्या अटीने गोळा करायचे म्हटले तर प्रत्येक वर्षाचे पंचांग उघडावे लागेल. ‘गणेशोत्सव’ असा टॅग लावलेला असेल तर तो एकच शब्द पुरतो.

टॅगांची उतरंड करता येते: ‘ठिकाणे’च्या पोटात ‘महाराष्ट्र’, त्यात ‘सातारा जिल्हा’, त्यात ‘वाई’. उपटॅग धरून शोधण्याचा पर्याय चालू असला की ‘सातारा जिल्हा’ निवडल्यावर वाईचे फोटोही येतात, त्यामुळे प्रत्येक फोटोला वरच्या पातळीचे टॅग वेगळे लावण्याची गरज उरत नाही. उतरंड फार खोल मात्र करू नये. कोणता टॅग कोणत्या फांदीवर आहे हे आठवण्यात वेळ जाऊ लागला, की माणूस टॅग लावणेच सोडून देतो.

मराठीत नोंदी करणाऱ्यांपुढे एक वेगळीच अडचण असते, आणि तिच्याविषयी फारसे कुठे लिहिलेले आढळत नाही. साधा मजकूर-शोध दिलेली अक्षरे त्याच क्रमाने कुठे येतात एवढेच पाहतो. त्याला व्याकरण कळत नाही. आपले शब्द मात्र प्रत्यय लागताना आतून बदलतात. ‘कोल्हापूर’ असे शोधल्यावर ‘कोल्हापुरातील रंकाळा’ ही कॅप्शन सापडणार नाही, कारण दीर्घ ‘पू’ तिथे ऱ्हस्व झालेला आहे. ‘सातारा’ने ‘साताऱ्याला जाताना’ सापडणार नाही, ‘पुणे’ने ‘पुण्यातील घर’ सापडणार नाही, ‘फूल’ने ‘फुलांचा बाजार’ सापडणार नाही. ‘वाई’ने ‘वाईला’ आणि ‘आजी’ने ‘आजीचा’ हे शब्द सापडतात, कारण तिथे मूळ शब्द जसाच्या तसा राहतो. यावर दोन उपाय आहेत. शोधताना शब्दाचा न बदलणारा पुढचा तुकडाच द्यावा, म्हणजे ‘कोल्हाप’ किंवा ‘साता’. आणि त्याहून चांगला उपाय म्हणजे कॅप्शन हवी तशी वाहत्या मराठीत लिहावी, पण त्यातली नावे मूळ रूपात टॅग म्हणूनही लावावीत.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतही नाही. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातला ‘ऱ्या’ काही कळफलकांवर ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने तयार होतो, तर काहींवर साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांतून तयार होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात; संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरमालिका असते, आणि नुसती अक्षरे ताडून पाहणारा शोध एकाने दुसरी ओळखत नाही. फोनवर लिहिलेली कॅप्शन संगणकावरच्या शोधात सापडत नाही याचे कारण अनेकदा हेच असते. टॅग दर वेळी नव्याने लिहिण्याऐवजी आधीच्या यादीतून निवडला, की ही अडचण उद्भवतच नाही, आणि ‘गणपती’ व ‘गणपति’ असे जुळे टॅगही तयार होत नाहीत.

चित्र पाहून शोधणे

सुरुवातीला म्हटले की सॉफ्टवेअर बहुतेक वेळा चित्राकडे पाहत नाही. त्याचे दोन मुख्य अपवाद डिजिकॅममध्ये आहेत. पहिला म्हणजे सारखेपणाचा शोध. त्याची पद्धत अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या १९९५ च्या एका संशोधनावर आधारलेली आहे. चित्र लहान करून १२८ बाय १२८ ठिपक्यांचे केले जाते, त्याचे उजेड आणि रंग तीन थरांत वेगळे केले जातात, आणि प्रत्येक थरात उजेड किंवा रंग सर्वात ठळकपणे कुठे आणि किती बदलतो याचे सर्वात मोठे असे ४० आकडे तेवढे राखले जातात. हे आकडे आणि प्रत्येक थराची सरासरी मिळून त्या चित्राचा एक छोटासा ठसा तयार होतो. दोन चित्रे सारखी आहेत का, हे पाहण्यासाठी मग फक्त दोन ठसे ताडून पाहायचे असतात, आणि ते काम अतिशय वेगाने होते. फोटोचा आकार कमी केलेला असला किंवा त्याचा दर्जा थोडा उतरलेला असला तरी ठसा फारसा बदलत नाही, म्हणून व्हॉट्सअॅपवरून आलेल्या प्रतीवरून मूळ फोटो शोधायला ही पद्धत उत्तम आहे. फोटो मोठ्या प्रमाणात कापलेला किंवा फिरवलेला असेल तर मात्र ती चुकते. हे ठसे आधी तयार करून घ्यावे लागतात, आणि ते काम देखभालीच्या साधनातून एकदा चालू करून संगणक रात्रभर चालू ठेवला तरी चालते.

याच पद्धतीने दुहेरी फोटोही शोधता येतात. इथे सारखेपणाची टक्केवारी आपण ठरवतो, आणि ती फार खाली आणली तर एकापाठोपाठ टिपलेले, पण वेगळे असलेले फोटो दुहेरी म्हणून पुढे येतात. समूहफोटोत एकीत काकांचे डोळे मिटलेले असतात आणि दुसऱ्यात उघडे असतात. ठशाला हा फरक जाणवत नाही. त्यामुळे असा निकाल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही फोटो पुसू नये.

दुसरा अपवाद चेहऱ्यांचा. प्रत्येक चेहऱ्याचे आकड्यांच्या एका मालिकेत रूपांतर होते, आणि ज्यांचे आकडे जवळजवळ येतात ते चेहरे एकाच व्यक्तीचे असावेत असा अंदाज बांधला जातो. डिजिकॅमने जुलै २०२० मध्ये आलेल्या ७.० या आवृत्तीपासून त्यासाठी डीप लर्निंगचा, म्हणजे पुष्कळ उदाहरणांवरून संगणकाला शिकवण्याच्या तंत्राचा आधार घेतला. हे काम आपल्याच संगणकावर होते आणि घरातल्या माणसांचे चेहरे कुणाच्या सर्व्हरवर जात नाहीत, ही मला फार महत्त्वाची गोष्ट वाटते. सॉफ्टवेअर नाव सुचवते आणि आपण होकार दिल्यावरच ते पक्के होते. हा होकार घाईने देऊ नये, कारण पुढचे अंदाज त्यावरच उभे राहतात. लहान मुलांचे चेहरे वर्षागणिक बदलतात, तेव्हा प्रत्येक वयाचे काही फोटो पक्के करून दिले तर अंदाज पुष्कळ सुधारतात. नाव पक्के झाले की तो साधा टॅगच होतो आणि कोणत्याही शोधात इतर अटींबरोबर वापरता येतो.

जे नाही ते शोधणे

फिल्टरचा सर्वात उपयोगी वापर सहसा कुणी सांगत नाही: ज्यांच्यावर अजून काम झालेले नाही असे फोटो शोधणे. ‘टॅग नाही’ हा फिल्टर लावला की राहिलेल्या कामाची यादीच समोर येते. अक्षांश-रेखांश नसलेले फोटो वेगळे काढता येतात आणि मग नकाशावर जागा दाखवून त्यांना ठिकाण देता येते. इतक्या फोटोंना नोंदी करणार कधी, या विचाराने जे थांबतात त्यांनी कामाचा क्रम लावून घ्यावा: आधी तारखा दुरुस्त कराव्यात, मग माणसे, मग ठिकाणे, आणि तारे सर्वात शेवटी. फोटोतल्या माणसांना ओळखणारी वडीलधारी माणसे सोबत आहेत तोवर जुन्या फोटोंतली नावे भरून घ्यावीत. हे काम दुसऱ्या कुणाला नंतर करता येत नाही.

एकदा नीट जुळवलेला शोध नाव देऊन जपून ठेवता येतो. जपली जाते ती अट, निकाल नव्हे. म्हणून ‘घरचा गणपती, तीन तारे व अधिक’ असा शोध ठेवला की पुढच्या वर्षीचे फोटो टॅग आणि तारे मिळताच त्यात आपोआप येऊन बसतात.

शेवटचा मुद्दा नोंदींच्या जागेचा आहे. इतक्या कष्टाने लावलेले टॅग फक्त सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये राहिले, तर ते सॉफ्टवेअर बंद पडल्यावर किंवा डेटाबेस बिघडल्यावर हातचे जातात. गुगलने २०१६ मध्ये पिकासा हे आपले फोटो-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर बंद केले, तेव्हा त्यात चेहऱ्यांना नावे दिलेल्या अनेकांना हे जाणवले, कारण ती नावे फोटोत न जाता बाजूच्या वेगळ्या फाइलींत राहिलेली असत. डिजिकॅमच्या मेटाडेटाच्या, म्हणजे या नोंदींच्या सेटिंगमध्ये टॅग, तारे, कॅप्शन आणि चेहऱ्यांची नावे फाइलमध्येच लिहिण्याचा पर्याय आहे. तो पहिल्याच दिवशी चालू करावा. कॅमेऱ्याच्या कच्च्या, म्हणजे रॉ फाइलींना हात लावणे योग्य नसते, तिथे एक्सएमपीची जोडफाइल, म्हणजे नोंदींची शेजारची वेगळी फाइल, तयार होऊ द्यावी आणि बॅकअप घेताना वा फोटो हलवताना ती बरोबर न्यावी. नोंदी खरोखर फाइलमध्ये उतरल्या आहेत का, हे पाहण्याची सोपी परीक्षा आहे: टॅग लावलेल्या चार-पाच फोटोंच्या प्रती पेन ड्राइव्हवर घ्याव्यात, त्या दुसऱ्या संगणकावरच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडाव्यात, आणि तिथे त्याच टॅगने शोधून पाहाव्यात.